मेव्हण्यासाठी रिव्हॉल्वर

केनाई, अलास्का
९ मार्च १९९८

प्रिय मर्ल,

'अस्वलासाठी तुझ्या दुकानातलं सगळ्यात मोठं रिव्हॉल्वर केवढ्याला?' हे एक वाक्य तू दोन पानांत लिहिलं आहेस, तेव्हा उत्तरही ऐसपैस देतो.

माझ्या काचेच्या कपाटात जे सगळ्यात मोठं आहे त्याच्यावर अकराशे डॉलरची चिठ्ठी आहे. ती झाली चिठ्ठी. खरी किंमत गेल्या ऑगस्टमध्ये ऑरेगनहून आलेल्या एका दातांच्या डॉक्टरने मोजली. रिव्हॉल्वरचे अकराशे, छातीवर बांधायच्या होल्स्टरचे नव्वद, पन्नास गोळ्यांच्या पेटीचे पंचाऐंशी. पहिल्या गोळीला नळी उसळून कपाळावर आली, तिथे चार टाके. तिसऱ्या गोळीनंतर डाव्या कानात किटली उकळायला लागली, ती अजून कोणी उतरवलेली नाही. चौथीनंतर उजव्या मनगटाला सहा आठवडे पट्टा. तेवढे दिवस त्याच्या गावातल्या लोकांचे दात दुसऱ्याने काढले. सप्टेंबरात त्याने ते रिव्हॉल्वर मला पाचशेला परत दिलं आणि उरलेल्या शेहेचाळीस गोळ्या फुकट दिल्या, वर माझे आभार मानले.

मी तीच चिठ्ठी लावून ते पुन्हा कपाटात ठेवलं. आजवर ते चार वेळा सासरी गेलं आणि चार वेळा माहेरी परत आलं. अजून एकाही अस्वलाने त्याचं तोंड पाहिलेलं नाही.

तू माझ्या बहिणीचा, ग्लेंडाचा, नवरा आहेस, म्हणून हे कपाट तुला बंद. घ्यायचंच असेल तर .४४ मॅग्नम घे, चार इंची नळीचं, आणि इथे येण्याआधी पाचशे गोळ्या झाड. शिवाय माझा एक नियम आहे. दुकानामागच्या मोकळ्या जागेत मी जुन्या टायरच्या मधोमध एक कागदी ताटली ठोकतो. टायरला दोर बांधतो, तो तुझ्या पाठीमागच्या खांबावरच्या कप्पीतून माझ्या पिकअपला. मी गाडी सोडली की टायर पंचवीस पावलांवरून उड्या मारत तुझ्या अंगावर येतो. 'ग्लेंडा, मागे हो' म्हणायला लागतो तेवढा वेळ तुझ्याकडे असतो. अस्वल याहून जोरात येतं, आणि त्याला दोर नसतो. ज्याची गोळी ताटलीला लागत नाही त्याला मी रिव्हॉल्वर विकत नाही. एकतीस वर्षांत हा नियम मोडलेला नाही.

शहाणी माणसं तिखटाच्या फवाऱ्याचा डबा घेतात. चाळीस डॉलर, आणि कपाळाला टाके नाहीत.

तुझा,
ऑरिन


मन्सी, इंडियाना
१९ मार्च १९९८

प्रिय ऑरिन,

तुझं विनोदी पत्र ग्लेंडाला मोठ्याने वाचून दाखवलं. ती हसली नाही. म्हणाली, डॉक्टर बिचारा. यावरून तुझ्या विनोदाचं काय ते समज.

तो दात काढणारा होता. मी सैन्यात निशाणबाजीचा बिल्ला मिळवलेला माणूस आहे. आणि तीस वर्षांत मी चारशे अकरा पोहण्याचे तलाव विकले आहेत, तेही इंडियानात, जिथे हिवाळाभर पाण्यावर बर्फाची खपली असते. ज्याने हे केलं त्याला दोराने ओढलेला टायर दाखवून घाबरवता येत नाही. मी जत्रेत फुगे फोडायला येत नाही आहे.

आणि तिखटाचा फवारा? अस्वल मला खायला येणार आणि मी त्याला मसाला पुरवू?

इथल्या दुकानदाराने मला दारातूनच जोखलं. म्हणाला, 'साहेब, चार इंची नळी बायकांच्या पर्ससाठी. तुमच्या पंजाला आठ इंचीच शोभेल.' अनुभवी माणूस आहे. .४४ मॅग्नम, आठ इंची, चकचकीत. पुढच्या आठवड्यात घरी येतंय. सोबत नळीखाली बसणारी छोटी बॅटरीही घेतली, रात्रीच्या अंधारासाठी. रात्री ते भरून माझ्या उशाखाली राहील. ग्लेंडाने निर्धास्त झोपावं.

तू आपला मासे पकडण्याचे गळ विक.

मर्ल


केनाई
३० मार्च १९९८

प्रिय मर्ल,

तुझा दुकानदार अनुभवी आहे यात शंका नाही. त्याने दारातून जोखलं ते तुझं पाकीट. पंजा त्याने मागाहून पाहिला असेल.

आठ इंची नळी म्हणजे अस्वल तुझ्यापर्यंत पोचेल तेव्हा ती होल्स्टरमधून निघून अर्ध्या वाटेवर असेल. आणि बॅटरीचं म्हणशील तर जूनच्या शेवटी इथे अंधार होत नाही रे बाबा. मध्यरात्री लोक अंगणातलं गवत कापतात. तू ती बॅटरी घेऊन नक्की काय शोधणार आहेस?

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. भरलेलं रिव्हॉल्वर उशाखाली ठेवायचं नाही. रात्री ते गाडीत, कुलपात. आपल्या तंबूत बेकन ठेवणाऱ्याच्याच तंबूत अस्वल डोकावतं. बाकी रात्री तंबूजवळ जे खसखसतं ते शंभरातून नव्व्याण्णव वेळा माणूस असतं, आणि त्याला लघवीला लागलेली असते.

ऑरिन


मन्सी
५ एप्रिल १९९८

प्रिय ऑरिन,

मी पत्र लिहिते आहे हे मर्लला माहीत नाही. तो गॅरेजमध्ये आरशासमोर उभा राहून ते होल्स्टरमधून काढतोय आणि घालतोय. आज सकाळपासून चौथ्यांदा.

तू त्याला जे शेवटचं वाक्य लिहिलंस ते मी वाचलं. मी रात्री दोनदा उठते, तीनला नाहीतर चारला. डॉक्टर म्हणतात वय. मर्ल म्हणतो चहा. गेल्या मंगळवारी मी परत खोलीत आले तर तो पलंगावर बसलेला, दोन्ही हातांत ते, तोंड दाराकडे. म्हणाला, 'आवाज आला.' मी म्हणाले, 'तो आवाज मी आहे, मर्ल. छत्तीस वर्षं हाच आवाज येतोय.' तर म्हणाला, 'सराव करतोय.'

ऑरिन, मला अस्वलाची भीती वाटत नाही. चष्मा काढलेल्या मर्लची वाटते.

हॉटेलात राहा असं सुचवू नकोस. तीस वर्षं मी तलावांच्या ऑफिसात बसून फोन घेतले, क्लोरीनच्या वासात. 'पंप बिघडला', 'पाणी हिरवं झालं', 'तुमचा नवरा म्हणाला होता हिरवं होणार नाही.' मला नऊ रात्री जमिनीवर झोपायचंय, नदीच्या आवाजात. माझे गुडघे आणखी एकच उन्हाळा देतील. तो मी मोटेलच्या गालिच्यावर घालवणार नाही.

आणि कृपा कर, त्याला 'नको' म्हणून लिहू नकोस. नको म्हटलं की तो दोन घेतो. आमची गॅरेजमधली दोन गवत कापायची यंत्रं आठव.

त्या फवाऱ्याचे दोन डबे माझ्या नावाने बाजूला काढून ठेव.

तुझी,
ग्लेंडा


केनाई
१४ एप्रिल १९९८

ग्लेंडे,

तू स्वस्थ झोप. म्हणजे मर्लच्या शेजारी जितकं झोपता येईल तितकं.

तुम्ही २७ जूनला उतरता. नदीवर जाण्याआधी दुकानावर या. मी त्याला टायरसमोर उभं करणार, दुपारी, मासेमारीवाले कॉफी प्यायला जमतात त्या वेळी. पन्नास माणसांदेखत त्याची एकही गोळी ताटलीला लागणार नाही. मग मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणणार, 'मर्ल, हत्यार उत्तम आहे, पण ते तुझा हात बसायची वाट पाहतंय. माझ्या तिजोरीत ठेवू, जाताना घेऊन जा.' तो लाजेने लाल होणार आणि हो म्हणणार. असल्या माणसांना हाताळण्यातच माझी हयात गेली आहे. काहीजण माझ्याकडे नकाशा विकत घ्यायला येतात आणि अस्वल कुठे भेटणार नाही ते विचारतात. त्यांनासुद्धा मी हसतमुखाने वाटेला लावतो.

हे काम माझ्यावर सोड. तुला काही करावं लागणार नाही. तू फक्त जाड मोजे आण. डबे ठेवले आहेत.

ऑरिन


मन्सी
३१ मे १९९८

प्रिय ऑरिन,

बसला आहेस ना? मग वाच.

काल माझा पाचवा शनिवार झाला. मेच्या पहिल्या शनिवारपासून एक चुकवलेला नाही. दर शनिवारी पन्नास गोळ्या. हिशोब तू कर. तुझीच युक्ती वापरली, कागदी ताटली, पंचवीस पावलं. पहिल्या शनिवारी एकतीस लागल्या, काल सत्तेचाळीस. उरलेल्या तीनही ताटलीच्या काठाला चाटून गेल्या, पण मी त्या धरत नाही, मी स्वतःशी कडक आहे. निशाणबाजीच्या रेंजवरचे लोक आपापली हत्यारं खाली ठेवून माझ्या मागे उभे राहतात. काल एक पोलिस होता, तरणाबांड. शेवटी न राहवून म्हणाला, 'काका, हे तुम्ही शिकलात कुठे?' मी म्हणालो, 'बाळा, हे शिकवता येत नाही.'

मनगटाचं विचारशील. मनगट लोखंड झालंय. धक्का? मला आता तो धक्का वाटतच नाही, हस्तांदोलन वाटतं.

खोटं वाटत असेल तर ग्लेंडाला विचार. सकाळी नऊला जातो, दुपारी दोनला येतो, अंगाला बारुदाचा वास घेऊन.

तुझ्या त्या दात काढणाऱ्याला माझा नमस्कार सांग.

मर्ल


केनाई
८ जून १९९८

प्रिय मर्ल,

तुझ्या पत्रातून मी नेहमीप्रमाणे तलाव विकणाऱ्याची सूट वजा केली. सत्तेचाळीसचे तीस केले, पोलिसाचा पहारेकरी केला, आणि मागे उभे राहणारे लोक आपला नंबर यायची वाट बघत होते असं धरलं.

तरीही अडीचशे गोळ्या त्या अडीचशे गोळ्याच. .४४ मॅग्नमच्या अडीचशे गोळ्या झाडून ज्याचा हात जागेवर राहिला, असा पाहुणा मी या उन्हाळ्यात पाहिलेला नाही. गाढवालाही एक वाट रोज चालवली की ती पाठ होते. तेव्हा मी तुझ्यापुढे मान एक इंच लववतो. जास्त नाही, एक इंच.

गोळ्या विमानातून आणायच्या भानगडीत पडू नकोस, इथे घे. टायर अजून बांधलेला आहे.

ऑरिन


मन्सी
१३ जुलै १९९८

ऑरिन,

हे पत्र मी मेव्हण्याला लिहीत नाही, दुकानदाराला लिहितो आहे. परत येताना मुद्दाम तुझ्या दुकानावर थांबलो नाही, कारण त्या वेळी माझ्या तोंडून जे निघालं असतं ते ग्लेंडाला ऐकवायचं नव्हतं.

तू मला विकलेली पेटी नासकी होती.

३ जुलै, पहाटे चार. नदीच्या त्या भयंकर खळखळाटाने झोप लागत नव्हती म्हणून मी कानांत रबरी बोळे घालून झोपलो होतो. तरीसुद्धा जागा झालो. याला म्हणतात सहावं इंद्रिय, ते सैन्यात येतं. डोळे उघडतो तो तंबूच्या दारावर सावली. तपकिरी. रुंद. खांद्यावर केसाळ. आणि दाराची चेन, मर्लच्या डोळ्यांदेखत, हळूहळू वर सरकतेय! चष्मा शोधत बसणारा माणूस असता तर आज त्याचं पत्र तुला आलं नसतं. मी चष्मा शोधला नाही. उशाखाली हात घातला, उठून बसलो, दोन्ही हातांनी धरलं, श्वास अर्धा सोडला, सगळं जसं शनिवारी करतो तसं. दार उघडलं. तीन पावलांवर ते जनावर. मी चाप ओढला.

टिक.

पुन्हा ओढला. टिक.

दुसरा कोणी असता तर तिथेच गार झाला असता. मी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून गरजलो, 'चालतं हो!' ते थबकलं. एक पाऊल मागे गेलं. मग वळून झुडपांकडे निघून गेलं, सावकाश, जणू मी त्याला परवानगी दिली. रिव्हॉल्वर नव्हे, माणूस उभा होता समोर, हे त्याला कळलं. देवाची कृपा एवढीच की ग्लेंडा तेव्हा संडासाकडे गेली होती. तिने हे पाहिलं असतं तर ती पुन्हा झोपली नसती. परत आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती सरळ स्टोव्हकडे वळली. धक्का होता तो. तिने कॉफी केली.

शेजारच्या तंबूतल्या मिनेसोटावाल्यांनाही सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी मुक्काम हलवला.

इथे रेंजवरच्या जाणकाराला त्या दोन गोळ्या दाखवल्या. तो म्हणतो, बुडावर साधा ओरखडाही नाही, जशा पेटीतून निघाल्या तशाच आहेत. ऐकलंस? तुझ्या गोळ्यांना आपण गोळ्या आहोत हेच माहीत नव्हतं. पेटीचे पैसे परत पाठव. आणि टायर ओढण्यापेक्षा मालाकडे लक्ष दे.

मर्ल हेवरकॅम्प


केनाई
२१ जुलै १९९८

ग्लेंडे,

मर्लचं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा हसत वाचलं. चेनपाशी आलो आणि हसू थांबलं.

तंबू फाडणारी अस्वलं मी पाहिली आहेत. गाडीचं दार उघडणारं एक पाहिलं आहे. चेन धरून हळूहळू वर सरकवणारं अस्वल अजून जन्माला यायचं आहे. आणि केसाळ खांद्यांचा तपकिरी कोट दोन वर्षांपूर्वी नाताळात मीच तुला पाठवला होता. ग्लेंडे, त्या पहाटे दारात कोण होतं ते मला लिहू नकोस. मला कळलं आहे.

माझी चूक मला दिसते आहे. २७ तारखेला टायर बांधलेला होता, ताटली ठोकलेली होती, कॉफीवाले पेले घेऊन मागे उभे होते. तू माझ्या कोपराला धरून बाजूला नेलंस आणि म्हणालीस, 'राहू दे ऑरिन. दर शनिवारी न चुकता जातो तो. सगळ्यांसमोर नको.' मला वाटलं, अडीचशे गोळ्यांनी तुझी भीती गेली. मलाही त्या अडीचशेंचा मान वाटला होता. मी दोर सोडून ठेवला, वर त्याला गोळ्यांची पेटी विकली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला आणि तो माझ्या बहिणीच्या अंगावर मोडला. तेव्हापासून मी गिऱ्हाइकांशी नीट बोलतो आहे, त्यामुळे त्यांना वाटतं मी आजारी आहे.

आता एक गोष्ट मला छळते आहे. पेटी नासकी नव्हती. त्याच खोक्यातल्या तीन पेट्या मी या आठवड्यात स्वतः झाडून पाहिल्या, एकही चुकली नाही. गोळीच्या बुडाला तांब्याची टोपी असते. चाप ओढला की घोड्याचं टोक तिच्यावर आपटतं, खळगा पडतो, गोळी सुटते. मर्ल म्हणतो ओरखडाही नाही. म्हणजे टोक टोपीपर्यंत पोचलंच नाही. दोष गोळीत नाही, रिव्हॉल्वरमध्ये आहे. पण जे रिव्हॉल्वर मेमध्ये अडीचशे वेळा सुटलं ते जुलैत एकाएकी मुकं कसं झालं? पडलं का कुठे? नदीत भिजलं? हत्यारांची दुरुस्ती मी चाळीस वर्षं करतो आहे आणि मला उत्तर सापडत नाही.

जे काय झालं त्याचे मला आभार मानायचे आहेत. कोणाचे, ते कळव.

ऑरिन


मन्सी
३० जुलै १९९८

प्रिय ऑरिन,

तू लिहू नकोस म्हणालास, पण मी लिहिणार आहे, कारण दुसऱ्या कोणाला मी हे सांगणार नाही.

चारला उठले. बाहेर लख्ख उजेड होता. नदीवर धुकं, पलीकडच्या काठावर एक मूस, घोड्याएवढी हरणी, आपल्या पिल्लाला घेऊन पाणी पीत होती. मी संडासाकडे न जाता पाच मिनिटं तिथेच उभी राहिले. एवढ्यासाठी मी तीस वर्षं फोन उचलले असं वाटलं, आणि ते मला महाग वाटलं नाही. मग परत आले. दारापाशी म्हणाले, 'मर्ल, मी आहे.' त्याच्या कानांत बोळे आहेत हे मला माहीत होतं, तरी म्हणाले. चेन उघडली. तो बसलेला, केस उभे, दोन्ही हात पुढे. ते मोठं भोक माझ्या छातीकडे होतं.

टिक.

मरणाचा विचार आला नाही मनात. मनात आलं, याने चष्मा घातलेला नाही. मग दुसरं टिक. माझा हात कमरेच्या फवाऱ्यावर गेला होता, ऑरिन, आणि मी एक क्षणभर खरंच विचार केला. तो गरजला वगैरे नाही. तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, 'अरे देवा.' मी मागे झाले, संडासात जाऊन बसले, वीस मिनिटं. परत आले तेव्हा अस्वल आलं होतं. चर्चमध्ये सांगेपर्यंत ते मागच्या पायांवर उभं राहिलं. काल केस कापणाऱ्याकडे त्याच्यासोबत दोन पिल्लं होती.

मी त्याला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो माझी माफी मागेल, आणि मर्लची माफी तुला ठाऊक आहे, ती ऐकून घेणाऱ्यालाच शेवटी त्याची समजूत घालावी लागते. माणूस वाईट नाही. तीस वर्षं तो लोकांना सांगत आला की तलाव घ्या, तुम्ही रोज पोहाल. त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता. पुढच्या उन्हाळ्यात परत जाऊ म्हणतोय. मी म्हणाले, जाऊ. मी माझा वेगळा तंबू घेतला आहे, हिरवा, आणि तो त्याच्या तंबूपासून चाळीस पावलांवर असेल. माझ्या घोरण्याचं कारण सांगितलं. त्याला पटलं.

आता तुझ्या प्रश्नाचं. रिव्हॉल्वर पडलं नाही, भिजलंही नाही. तू मला लिहिलंस की हे काम माझ्यावर सोड, तुला काही करावं लागणार नाही. तुझं ते पत्र आलं तेव्हा ते करून झालेलं होतं. टायरसमोर तुला मी अडवलं ते मर्लसाठी नव्हे. सगळ्यांसमोर ते टिक टिक वाजलं असतं तर त्याने संध्याकाळपर्यंत दुसरं विकत घेतलं असतं, आणि कदाचित तुझ्याचकडून.

आमच्या ऑफिसात बिघडलेले पंप कोण उघडत असे असं तुला वाटतं? घोडा मागे ओढला की त्याचं टोक अगदी नीट वर येतं, एखाद्या चोचीसारखं. पंपांच्या पेटीतली बारीक कानस घेतली आणि ते दोन मिलिमीटर घासून काढलं. दहा मिनिटं लागली. ईस्टरचा रविवार होता, १२ एप्रिल, आणि हॅम ओव्हनमध्ये होता. त्या दिवसापासून आजपर्यंत त्या रिव्हॉल्वरमधून एकही गोळी सुटलेली नाही.

तुझी,
ग्लेंडा